कॉलेज रोडवरचा मँगो आइस

"ताई, नमस्कार. वय ४९, नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर आहे, राहायला सिडकोत. बाविसाव्या वर्षी सिगारेट धरली ती सत्तावीस वर्षं सुटली नाही. दिवसाला पंधरा-सोळा. गेल्या दिवाळीत लंडनहून भाचा आला, त्याने पॉड, म्हणजे निकोटिनच्या द्रवाची कुपी, भरायचं एक व्हेप (ई-सिगारेट) हातात ठेवलं. म्हणाला, मामा, तिकडे डॉक्टरच हे घ्या म्हणतात. सात महिने झाले, सिगारेटला हात लावलेला नाही. तिसऱ्या मजल्यावर न थांबता चढतो. पण भाच्याने दिलेले पॉड संपले. आता कॉलेज रोडवर एक एकोणीस वर्षांचा पोरगा एकदाच वापरून फेकायचे व्हेप आणून देतो, दीड हजाराला एक. परवा धाकट्याच्या क्लासच्या सॅकमध्ये तसंच एक निळं सापडलं, 'मँगो आइस' लिहिलेलं. तो सतरा वर्षांचा. विचारलं तर म्हणतो, पप्पा, तुम्ही पण ओढता ना? मला तीन गोष्टी सांगा. सिगारेट कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते आणि ती सोडवणारी वस्तू बंद, हा कुठला न्याय? मी गुन्हेगार आहे का? आणि पोराला कोणत्या तोंडाने बोलू? बायको म्हणते, दोन्ही उचला आणि गोदावरीत टाका.
— एक बाप, सिडको"

भाऊ, आधी वहिनींचं निकालात काढते. गोदावरीत काही टाकू नका. एक तर तिच्यात आधीच नको तेवढं आहे, आणि त्या कांडीत लिथियमची बॅटरी असते, शिवाय तळाशी उरलेलं निकोटिन. घंटागाडीतही ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळून देऊ नका, ई-कचरा म्हणून वेगळं द्या. वहिनींच्या रागाशी मात्र मी सहमत आहे.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून आनंदच झाला. रविवार कारंजाजवळ माझं मेडिकल होतं, सत्तावीस वर्षं काउंटरमागे उभी राहिले. म्हणजे तुम्ही जितकी वर्षं ओढलीत तितकी वर्षं मी तुमच्यासारख्यांना खोकल्याच्या बाटल्या दिल्या. "ताई, उद्यापासून बंद" म्हणणारे शेकडो पाहिले, सात महिने टिकलेले बोटांवर मोजण्याइतके. दुसऱ्यांदा वाचताना मात्र त्या निळ्या कांडीशी अडखळले. तुमचं आणि धाकट्याचं, दोन्ही एकाच हातातून आलंय. नीट पाहिलंत तर तुमच्या तिन्ही प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

न्यायाचं विचारता, तर न्याय नाही. हे एकदा बोलून टाकते म्हणजे पुढचं बोलायला मोकळी.

माझी आजी सिन्नरची. मांडीवर सूप, सुपात जर्दा, शेजारी ओली करून ठेवलेली तेंदूची पानं. पान कात्रीने कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. बोलताना, रागावताना, आम्हा नातवंडांना जेवायला हाक मारतानाही बोटं थांबायची नाहीत. त्या विड्यांवर माझ्या आईचं शिक्षण झालं. आता सांगा, अशी लाखो घरं ज्या विडीवर चालतात तिच्यावर कोण बंदी घालणार? आणि सिगारेटचा कर सरकारला लागतो. देशातल्या सगळ्यात मोठ्या सिगारेट कंपनीत एलआयसीचा मोठा हिस्सा आहे, तो तर उघड हिशेब आहे. व्हेपच्या मागे २०१९ साली इथलं कोणीच नव्हतं. ना शेतकरी, ना विडी कामगार, ना मतदारसंघ. बाहेरून येऊ घातलेली वस्तू होती. १८ सप्टेंबर २०१९ ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पत्रकार परिषदेत बंदी जाहीर केली, लगोलग अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदाही झाला. विरोधात फार मोठा आवाज उठला नाही. मी याला कारस्थान म्हणत नाही. सोपं होतं, म्हणून झालं.

पण सोपं होतं म्हणून चूक होतं, असंही नाही ना. इथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं, ते तसंच मांडते.

तुमचा भाचा खोटं बोलला नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने २०१५ मध्येच म्हटलं होतं की व्हेपची हानी सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी आहे. त्या आकड्यावर तेव्हापासून वाद चालू आहेत, तरी "सिगारेटपेक्षा कमी" हे बहुतेक जण मान्य करतात. जळणारा तंबाखू नाही, म्हणजे डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. २०१९ मध्ये, म्हणजे आपल्याकडे बंदी आली त्याच वर्षी, तिकडच्या ८८६ धूम्रपान करणाऱ्यांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना व्हेप दिलं, अर्ध्यांना निकोटिनचा गम, पॅच असं नेहमीचं काही. वर्षाने पाहिलं तर व्हेपवाल्यांतल्या १८ टक्क्यांची सिगारेट सुटलेली, गमवाल्यांतल्या जेमतेम १० टक्क्यांची. तुम्ही त्या अठरांतले. अभिनंदन, मनापासून.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा भाचा सांगणार नाही. व्हेपवर ज्यांची सिगारेट सुटली, त्यांच्यातले शंभरातले ८० जण वर्षाने व्हेप ओढतच होते. गमवाल्यांत गमला चिकटून राहिलेले शंभरात फक्त ९. सिगारेट सुटली, निकोटिन नाही. दीड हजार खिशात घालून कॉलेज रोडला जाता, तेव्हा तुम्ही या दुसऱ्या आकड्यात असता.

आणि बंदी मागणारेही हवेत बोलत नव्हते. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०१९ च्या मे महिन्यात पूर्ण बंदीची शिफारस केली, तेव्हा त्यांच्यासमोर अमेरिका होती. तिकडे त्या वर्षी हायस्कूलमधल्या दर १०० मुलांमागे सुमारे २७ जणांनी गेल्या महिनाभरात व्हेप ओढल्याचं पाहणीत निघालं. ही सिगारेट सोडणारी मुलं नव्हती, बहुतेकांनी सिगारेट नीट धरलीही नव्हती. त्याच सुमाराला तिकडे फुप्फुसांचा एक आजार उसळला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०० हून अधिक लोक रुग्णालयात गेले आणि ६८ दगावले. याचा दाखला दोन्ही बाजू देतात आणि दोघंही अर्धाच देतात. बंदीवाले म्हणतात, बघा, व्हेपने माणसं मारली. दुसरे म्हणतात, व्हेपने नाही, मुख्यतः गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटने. दुसऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण त्यातला बराचसा माल कुठून आला होता? ओळखीच्या माणसाकडून, रस्त्यावरून, कोणी तपासलेला नाही, घटक लिहिलेले नाहीत असा. तुमच्या त्या पोराकडून येतो तसाच. मी दुकानात असताना एखादी बाटली हातात आली की आधी मागची बाजू बघायची, बॅच नंबर, तारीख, उत्पादक. त्या निळ्या कांडीची मागची बाजू बघा आणि तिथल्या कोणत्या अक्षरावर विश्वास ठेवावा ते मला कळवा. ब्रिटन आणि युरोपात निकोटिनची मर्यादा एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे. इथे वस्तूच बेकायदा, त्यामुळे मर्यादा नाही आणि मोजणाराही नाही. बंदीचा मोठा तोटा हाच, हे बंदीवाल्यांनीही कबूल करायला हवं.

आणखी एक. तुम्ही आता जी एकदाच वापरून फेकायची कांडी घेता, ती विकायला खुद्द ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून बंदी आहे. मुलांच्या हातात फार गेली आणि कचराही वाढला, म्हणून. तेव्हा "तिकडे डॉक्टरच देतात" हे वाक्य कॉलेज रोडच्या मालाला लावू नका.

पण माझ्या मनात काटा फिरला तो आपल्या राज्याच्या आकड्यांनी. २०१६-१७ च्या सरकारी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या दर १०० प्रौढांमागे साधारण ४ जण ओढणारे निघाले आणि २४ जण चघळणारे. मळलेली तंबाखू, मिसरी, खर्रा, गुटखा. ब्रिटनमध्ये तंबाखूचा प्रश्न म्हणजे सिगारेट, म्हणून तिथे सिगारेटला पर्याय म्हणून व्हेप देणं शहाणपणाचं असू शकतं. आपल्याकडे चुना मळणाऱ्या माणसाला व्हेप देऊन काय सुटणार? त्याचा उपयोग तुमच्यासारख्या थोड्यांना, आणि नव्याने चटक लागणारी पोरं किती, त्याचा अंदाज कॉलेज रोडला संध्याकाळी सातला एक चक्कर मारली की येतो.

मी २०१९ ला या बंदीच्या विरोधात होते, हे लपवत नाही. म्हणायचे, केमिस्टकडे ठेवा, डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्या, विषय संपला. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये जवळपास तेच केलं, व्हेप फक्त फार्मसीत. वाचून मला आधी बरं वाटलं आणि मग स्वतःचा काउंटर आठवला. ओळखीचा माणूस यायचा, "ताई, चिठ्ठी उद्या आणून देतो" म्हणायचा आणि मी अँटिबायोटिकची पट्टी कापून द्यायचे. ती उद्याची चिठ्ठी कधी आली नाही. सगळेच देतात, मी नाही दिली तर शेजारी जाईल, हा आमच्या धंद्यातला मंत्र. असल्या काउंटरवर मी मँगो आइस ठेवा म्हणू? आणि बाकीच्यांचं काय सांगावं. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्यांना सिगारेट विकायची नाही, शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायचा नाही. तुमच्या घराजवळच्या कुठल्याही कॉलेजच्या फाटकापाशी उभं राहून पावलं मोजून बघा. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे. तो आज कुठे मिळत नाही, हे शोधायला जास्त वेळ लागेल.

म्हणून आता माझं मत असं झालंय. बंदी असो की परवानगी, शेवटी देणाऱ्याने "नाही" म्हणायला लागतं, आणि तो नाही म्हणणारा माणूस आपल्याकडे तयार झालेला नाही. तोवर रंगीबेरंगी, गोड वासाच्या, फेकायच्या कांड्यांवरची बंदी उठू नये. मात्र जे तुमच्यासारखे सत्तावीस वर्षं ओढून खरोखर सुटू पाहतात, त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रातून, डॉक्टरच्या देखरेखीखाली, मोजून-मापून एखादी वाट ठेवायला हवी होती. २०१९ च्या कायद्यात ती नाही. ती मागा, आमदाराला लिहा, पेपरला लिहा. पण ती मिळेपर्यंत त्या पोराकडे जाऊ नका. कायद्यावर तुमचा राग रास्त आहे, पण तुमचा दीड हजार कायद्याच्या विरोधात जात नाही. तो त्या पोराच्या पुढच्या पेटीत जातो, आणि त्या पेटीतलीच एक कांडी तुमच्या घरात पोचली.

आता गुन्हेगारीचं. मी वकील नाही, पण कायदा वाचलाय. त्यात उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा आणि जाहिरात हे शब्द आहेत. ओढणं हा शब्द त्या यादीत नाही. विकणाऱ्याला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत आणि ५ लाखांपर्यंत. साठ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "यात निकोटिन नाही, काका" असं तो पोरगा म्हणाला तर फसू नका, निकोटिन असो-नसो, कायदा दोन्हीला लागू आहे. तुम्ही स्वतः ओढता म्हणून कोणी तुमच्या दारात येईल असं मला वाटत नाही. पण भाच्याला "येताना दहा-बारा पॉड आण" म्हणालात तर ती आयात झाली, आणि विमानतळावर घाम फुटेल तो त्याला. शिफ्टमधल्या मित्राला एक घेऊन दिलंत तर ते वाटप. पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण असं एखादं घेऊन दिलं असेलच, अशी मला दाट शंका आहे.

तक्रार करायची का, हे तुम्ही विचारलं नाहीत, मीच काढते. आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये यासाठी ऑनलाइन पोर्टल उघडलंय, आणि फौजदार किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला झडती-जप्तीचा अधिकार आहे. त्या एकोणीस वर्षांच्या पोराचं नाव द्या असं मी म्हणणार नाही, कोणाचा तरी तोही धाकटा असेल. त्याच्या आई-बापाशी बोला. पण तो ज्या दुकानातून पेटी उचलतो ते तुम्हाला कळलं, तर त्या दुकानाबद्दल जरूर कळवा. मुलांना पुढे करून मागे बसणाऱ्याची मला दया येत नाही.

आणि मुलगा.

"तुम्ही पण ओढता ना" हे तो बोलला ते बरंच झालं. गप्प बसला असता तर मला जास्त काळजी वाटली असती. त्याच्याशी समोरासमोर खुर्च्या टाकून बोलू नका, ती पोलीस चौकी होते. रविवारी सकाळी मिसळ खायला न्या, गाडीवर मागे बसवून, गंगापूर रोडने जरा लांबचा वळसा घ्या. गाडीवर एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, पोरं बोलतात. (गाडी त्याला चालवायला देऊ नका, सतरा वर्षांचा आहे, तोही एक कायदाच आहे.) आधी तुम्ही बोला. बाविसाव्या वर्षी पहिली कोणी दिली, कितीदा सोडली, त्याच्या जन्माच्या वेळी दवाखान्याबाहेर किती ओढल्या, धाप कधीपासून लागायला लागली. कर्करोगाची चित्रं दाखवू नका, पाकिटावर ती तो रोज बघतोच. मग सांगा, समज, मला रक्तदाबाची गोळी लागते, ती तू गोड लागते म्हणून खाल्लीस तर? माझ्यासाठी हे सिगारेटच्या जागी आलं, तुझ्याकडे कुठल्या सिगारेटच्या जागी आलं? आणि उत्तराची वाट बघा. लगेच नाही मिळणार.

पण एक गोष्ट शांतपणे काढून घ्या. सकाळी उठल्या-उठल्या लागतं का? क्लासच्या मधल्या सुट्टीत नाही मिळालं तर चिडचिड होते का? रात्री बाथरूममध्ये नेतो का? सतराव्या वर्षी मेंदू अजून घडत असतो, निकोटिन या वयात लवकर पकडतं, आणि वासही उरत नाही म्हणून घरात कळत नाही. तीनपैकी दोन "हो" आले तर हा नुसता शौक उरला नाही, डॉक्टरकडे न्या. त्याच्यासाठी दुकानातून स्वतःच काही आणून देऊ नका. एकदाच मित्रांबरोबर ओढून पाहिलं असेल, तर एवढं बोलणं पुरेल. मारू नका, आणि "घरातून हाकलीन" तर मुळीच म्हणू नका.

तुमचं तोंड कोणतं, विचारता. "मीही सोडतोय" म्हणणाऱ्या बापाचं. तेवढंच त्याला पटेल, आणि त्यासाठी तुम्हाला खरोखर सोडावं लागेल.

तर तुमचं. आज रात्री घाबरून सगळं एकदम फेकाल आणि उद्या दुपारी कँटीनच्या मागे पुन्हा सिगारेट पेटवाल, असं होऊ देऊ नका. दोन्हींत सिगारेटच अधिक वाईट, हे मी लेखी देते. हातात उरलंय तेवढ्यात तारीख ठरवा, नवीन घेऊ नका. निकोटिनचा २ मिलिग्रॅमचा गम केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळतो. सिगारेटच्या दिवसांत तुम्ही उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली पेटवत असाल, तर ४ मिलिग्रॅमचा लागण्याची शक्यता जास्त, त्याला डॉक्टरची चिठ्ठी हवी, आणि या वेळी चिठ्ठी खरोखर घ्या. रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर कुठलाही गम घेण्याआधी डॉक्टरला विचारा. तो गम चिकलेटासारखा चघळायचा नाही, निम्म्या लोकांचं इथेच चुकतं आणि मग "पोटात ढवळतं, उपयोग नाही" म्हणून परत आणून देतात. हळू चावा, तिखट झिणझिणी आली की गालात दाबून ठेवा, झिणझिणी ओसरली की पुन्हा चावा. अर्धा तास चालतो. त्याआधी पंधरा मिनिटं चहा नाही. अंबडच्या शिफ्टमध्ये हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे, पण चहाने तोंडातलं निकोटिन शोषलं जात नाही. रोजचे किती लागले ते कॅलेंडरवर लिहा, मुलाच्या डोळ्यांसमोर. सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, आणि जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्राची चौकशी करा. एकट्याने ओढत होतात, सोडताना एकटे राहू नका.

वहिनींना सांगा, गोदावरीला सुट्टी. भाच्याला आजच मेसेज करा, पुढच्या दिवाळीला मामासाठी काही आणू नकोस. अगदीच आग्रह धरला तर तिकडचा चहा आण म्हणावं, फक्त गम संपल्यावर प्या.